रिकामी सम

रंगनाथ गुरवांना कुणी नाव विचारलं तर ते आधी लेकीचं सांगत. "ऋजुताताईंच्या मागं तबल्याला असतो मी." समोरच्यानं फारच नेट लावला तर मग स्वतःचं, तेही अर्धंच, "मला नाना म्हणत्यात." तासगाव तालुक्यातल्या महादेवाच्या देवळात पिढीजात पूजा आणि वाजवणं या माणसाच्या घराण्यात होतं. बायको गेली तेव्हा ऋजुता सात वर्षांची होती. पोरीला कुठं ठेवायचं म्हणून नाना तिला कीर्तनांना घेऊन जात. ती तबल्याच्या पिशवीवर डोकं ठेवून पूर्वरंगात झोपायची आणि उत्तररंगात गोष्ट सुरू झाली की टक्क जागी व्हायची. अकराव्या वर्षी ती स्वतः कीर्तनाला उभी राहिली. त्याला आता तेवीस वर्षं झाली होती.

या तेवीस वर्षांत बापलेकीत एक रीत पडून गेली होती. पद सुरू व्हायच्या आधी नाना धुमाळीचा ठेका घोळवत आणत, एक छोटा तुकडा घेत आणि ऐन समेवर, म्हणजे जिथं तालाचं चक्र पुन्हा सुरू होतं त्या पहिल्या मात्रेवर, हात उचलून धरत. तिथं थाप पडायची नाही. त्या रिकाम्या क्षणात ऋजुताचा पहिला शब्द पडायचा. श्रोत्यांच्या माना एकदम डोलायच्या, म्हाताऱ्या बायका "पांडुरंगा!" म्हणायच्या. समेवर थाप टाकणं नानांच्या लेखी पाप होतं. सम गाणाऱ्याची होती. दुसऱ्याच्या पाटावर आपण कसं बसायचं?

२०४३च्या माघात, कवठ्याचं काल्याचं कीर्तन आटोपून ऋजुता आणि तिचा नवरा तन्मय भर दुपारी स्कूटरवरून घरी निघाले होते. पुढच्या उसाच्या ट्रॉलीनं अचानक ब्रेक दाबला. तन्मयचा हात मोडला. ऋजुताला वरून खरचटलंही नव्हतं. हेल्मेट होतं डोक्यावर. पण आत मेंदू कवटीवर आपटला होता. मिरजेच्या इस्पितळात पोचेपर्यंत ती बोलायची थांबली होती.

डॉक्टर शबाना मुजावर वयानं ऋजुताएवढ्याच. त्यांनी नानांना खुर्चीत बसवलं आणि समजावून सांगितलं.

"नाना, तुम्ही वाद्यातली माणसं. माझे आजोबा तंबोऱ्याचे भोपळे कोरायचे, त्यामुळे मी तुम्हाला भोपळ्याचंच सांगते. कवटी म्हणजे बंद भोपळा. त्यात मेंदू, रक्त आणि थोडं पाणी, एवढंच मावतं. पाय मुरगळला तर सुजतो, बाहेर फुगतो. मेंदूला फुगायला बाहेर नाहीच. सूज आली की आतला दाब वाढतो. दाब वाढला की ताजं रक्त आत शिरत नाही, रक्त नाही म्हणून आणखी सूज. हे चक्र आम्हाला मोडायचंय. एका बाजूचं हाड आम्ही काढून ठेवलंय, औषधंही चालू आहेत."

"आन् आत काय चाललंय ते कळतं कसं?"

"कळतं. तिळाएवढा एक कण आत ठेवलाय. महिन्याभरात तो आपोआप विरघळून जाईल. तोवर प्रत्येक ठोक्याला आतला दाब किती, ते तो सांगत राहील."

पूर्वी नुसता आकडा दिसायचा. बाविसाच्या वर गेला की धावपळ. नव्या यंत्राला आकड्याच्या आतलं दिसत होतं. हृदयाच्या दर ठोक्याला मेंदूत दाबाची एक लाट उठते आणि त्या लाटेला तीन उंचवटे असतात. पहिला मोठा, दुसरा त्याहून लहान, तिसरा आणखी लहान. मेंदूला आत अजून थोडं हलायला मिळत असेल, तर हा क्रम टिकतो. सूज कवटीच्या भिंतीला भिडली, की दुसरा उंचवटा पहिल्याच्या डोक्यावर चढतो. आकडा बिघडण्याआधी लाट बिघडते. त्यावरून यंत्र 'वाव' काढायचं, म्हणजे मेंदूला अजून किती मोकळीक उरली आहे ते, शंभरापैकी. ऋजुताचा वाव पहिल्या दिवशी अठ्ठावीस होता. नर्सचे हात कामात असले तरी लक्ष राहावं म्हणून ही लाट आवाजातही ऐकू यायची, तीन बारीक ठोके, कानातल्या बोंडातून. त्यामुळे सगळे त्या यंत्राला 'कानोसा' म्हणत.

सातपुते सिस्टरांनी दुसऱ्या दिवशी नानांच्या कानात ते बोंड घातलं. नाना डोळे मिटून ऐकत राहिले. मग म्हणाले, "सिस्टर, दुसरी थाप जड झालीया."

सिस्टरांनी पडद्याकडे पाहिलं. "काही नाही हो नाना, सगळं ठीक दिसतंय."

"बगा तुमी."

दोन मिनिटांनी आकडा हलला. सिस्टरांनी पलंगाची उशाकडची बाजू वर केली, औषधाचा वेग बदलला आणि नानांकडे वळून म्हणाल्या, "नाना, उद्यापासून माझ्याऐवजी तुम्हीच या ड्यूटीला. मी जाते तुमच्या देवळात."

कानोशाची दुसरी करामत लोकांना जास्त झोंबायची. रोग्याजवळ कोण आलं, कुणाचा आवाज झाला, कुणी हात धरला, की दाबाचं काय होतं, हे तो शिकत जायचा. मग नातेवाइकांच्या पासावर पट्टी यायची. हिरवी म्हणजे आत बसा, तांबडी म्हणजे काचेबाहेर. व्हरांड्यात रोज तमाशा.

"माज्या नवऱ्याला माजा आवाज चालंना," आष्ट्याची एक बाई ठसक्यात सांगत होती, "आन् त्याच्या भावजयीचा चालतोय! शुद्धीवर येऊ दे, मग बगते हिरवं का तांबडं!"

सगळे हसले. तन्मय हसला नाही. त्याच्या पासावर तांबडी पट्टी होती. गळ्यात अडकवलेला हात सांभाळत तो आत गेला होता, "ऋजू" एवढंच म्हणाला होता, आणि दुसरा ठोका पहिल्याच्या वर चढला होता. तीनदा असं झालं.

"ती माझ्यावर रागावलीय, नाना. गाडी मी चालवत होतो."

"तसं काय नसतंय जावईबापू," नाना म्हणाले. पण मनातून त्यांनाही तेच वाटलं होतं. स्वतःच्या पासावरची हिरवी पट्टी त्यांनी सदऱ्याच्या खिशात घातली, पण पट्टीचं टोक बाहेर दिसेल अशी.

तिसऱ्या दिवशी सिस्टरांनी सलाइनचं रिकामं खोकं त्यांच्या मांडीवर दिलं. "वाजवा हळूच. डॉक्टरबाईंनी परवानगी दिलीय." नानांनी बोटांच्या पेरांनी पुठ्ठ्यावर धुमाळी धरली. कानात लेकीच्या मेंदूचे तीन ठोके, बोटांत ठेका. दुसरी थाप जड झाली की नाना लय किंचित सैल सोडत, आणि हळूहळू ती पहिलीच्या मागं जाऊन बसे. ठेक्याचं रेकॉर्डिंग लावून पाहिलं तर अर्ध्या तासात दाब पुन्हा चढला. रेकॉर्डिंगला ऐकू कुठं येत होतं? चौथ्या दिवशी वाव एकतीस, पाचव्या दिवशी चौतीस. "महादेवा, तुझी कृपा," असं म्हणून नाना खोक्यालाही हात जोडत.

आणि पाचव्याच दिवशी सकाळी ते घडलं. ठरवून काही केलं नव्हतं. बोटांनी आपसूक छोटा तुकडा घेतला आणि समेवर हात उचलला गेला. तेवीस वर्षांची सवय ती.

पुठ्ठा गप्प. आणि ऐन त्या रिकाम्या मात्रेवर कानात दुसरी थाप दण्‌कन उठली.

नानांनी पुन्हा ठेका धरला, पुन्हा तुकडा घेतला, पुन्हा हात उचलला. पुन्हा तेच, समेवर. केसाएवढीही चूक नाही.

ती आली होती! पोर आत होती, जागी होती, ऐकत होती आणि बापानं उघडलेल्या दारातून बरोब्बर पाऊल टाकत होती. कीर्तनाला रंग चढला की ऋजुता आवाजावर असाच जोर द्यायची आणि नाना समजायचे, लय वाढव म्हणतेय. नानांनी लय वाढवली. साथीदारानं दुसरं काय करायचं असतं?

त्यांनी कुणाला सांगितलं नाही. हे बापलेकीचं होतं. डॉक्टर ऐकतील, कागदावर लिहितील, दहा माणसं बघायला येतील, आणि ती बुजेल. यंत्रानंही ओरडा केला नाही. नानांच्या सोबतीत दाब उतरतो हे ते शिकलं होतं. मधूनच उठणारी उसळी लगेच बसत होती, म्हणून ते तिला किरकोळ समजलं. दिवसातून वीसदा, मग चाळीसदा, नाना सम रिकामी ठेवत आणि लेक येत राही. काचेपलीकडे तन्मय उभा असायचा. नाना त्याला हातानं खूण करत, बरं आहे, बरं आहे.

सातव्या दिवशी दुपारी लेक आली आणि परत गेली नाही. म्हणजे ती थाप चढली ती चढलीच. आकडा चोवीस, अठ्ठावीस, तेहतीस. नानांना बाहेर काढलं. काचेतून त्यांना फक्त डॉक्टर-नर्सांच्या पाठी दिसत होत्या. दीड तासानं मुजावर डॉक्टर बाहेर आल्या, कपाळावर केस चिकटलेले.

"दाब आणलाय खाली. पण वाव चारवर आलाय, नाना." त्यांच्या हातातल्या पाटीवर तीन दिवसांचा आलेख होता. "हे काय आहे? तुम्ही वाजवता तेव्हाच हे काटे दिसतात. अगदी सारख्या अंतरानं. काय करत होता तुम्ही?"

नानांनी सांगितलं. सांगताना त्यांचा आवाज अजूनही अभिमानानं थरथरत होता. "ती समेवर येतीया, बाई. मी सम सोडतो आन् ती येतीया. तुमी म्हणत हुता, तिला काय कळतंय का ठावं न्हाई. कळतंय तिला!"

डॉक्टर शेजारी बसल्या.

"कळतंय, नाना. मला आज पहिल्यांदा खात्री पटली. पण ऐका. ओळख लागली की मेंदू कामाला लागतो. कामाला रक्त लागतं, तेवढ्या ठिकाणी जास्तीचं. एरवी आपल्याला पत्ताही लागत नाही. तिच्या डोक्यात त्या जास्तीच्या थेंबालासुद्धा थारा नाहीय. तुम्ही बोलावत होता, ती जिवाच्या आकांतानं येत होती, आणि दर खेपेला..." त्यांनी पाटीवरच्या काट्यांवर बोट ठेवलं. "दाब रागानं वाढत नाही. ओळखीनं वाढतो."

नानांनी काचेकडे पाहिलं, मग व्हरांड्याच्या टोकाला बसलेल्या तन्मयकडे.

"मंजे जावयाच्या वेळी..."

"हो. तेव्हाही."

नाना उठले. गुडघ्यावर हात ठेवत तन्मयपाशी गेले आणि त्याच्यासमोर फरशीवरच बसले. आता त्यांना खिशातलं ते हिरवं टोक भाजत होतं.

"जावईबापू, ती रागावलेली न्हाई. तुमचा आवाज ऐकून ती उठाया बगत हुती. म्हणून तांबडं."

तन्मयनं गळ्यातला तांबड्या पट्टीचा पास काढला, दोन्ही डोळ्यांना लावला आणि लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला. "एकदा जाऊ का आत? एकदाच?" असं तो म्हणेल अशी नानांना भीती वाटली. तो म्हणाला नाही. तिथंच बसून राहिला, काचेपासून दूर, आवाज आत जाऊ नये इतका दूर.

डॉक्टर मागून आल्या. "नाना, औषधं होती तेवढी देऊन झालीत. दाब उतरवणारं आता एकच उरलंय, तुमचा ठेका. वाजवाल?"

"मी? मी हात लावू आता खोक्याला?"

"तुम्हीच. पण सम सोडायची नाही. एकदासुद्धा नाही. दर चक्राला तिथं थाप पडली पाहिजे. तिला वाटलं पाहिजे की..." त्यांना शब्द सापडेना.

"की तिचं काय काम न्हाई," नाना म्हणाले.

संध्याकाळची दिवाबत्ती व्हायच्या आधी ते पुन्हा पलंगापाशी बसले. सातपुते सिस्टरांनी खोकं मांडीवर ठेवलं, कानात बोंड घातलं आणि खांद्यावर हात ठेवला. नानांनी ठेका धरला. समेजवळ येताना बोटं अडखळली. तेवीस वर्षं जी मात्रा त्यांनी लेकीसाठी झाडून पुसून ठेवली होती, तिच्यावर त्यांनी थाप टाकली.

कानात दुसरा ठोका थोडा उठला होता. ती दारापर्यंत आली होती. थाप ऐकली आणि मागं फिरली.

पुढच्या चक्राला पुन्हा आली. पुन्हा थाप.

चार दिवस हे चाललं. थोडं वाजवायचं, थोडं टेकायचं, पुन्हा वाजवायचं. पेरं सुजली तेव्हा सिस्टरांनी चिकटपट्ट्या गुंडाळल्या. नाना तोंडानं नामस्मरण करत नव्हते. देवाचं नाव त्यांनी कायम तिच्या आवाजात ऐकलं होतं आणि ते ओठांवर आलं असतं तर तिला ऐकू गेलं असतं. पहिल्या दिवशी ती दर समेला येत होती. दुसऱ्या दिवशी कधीतरी. येण्याआधी थोडी थबकायची, जणू पाहुण्यांच्या घरात पोर उंबऱ्याशी उभी राहून विचारतेय, येऊ का? नाना मान खाली घालून थाप टाकत. "नगं येऊ, बाय. नगं येऊ," एवढंच मनात.

चौथ्या दिवशी सकाळी समेवर काहीच उठलं नाही. तीन ठोके, पहिला मोठा, दुसरा लहान, तिसरा आणखी लहान. पुढच्या चक्रालाही तसंच. शंभर चक्रं गेली.

मुजावर डॉक्टर पडद्याकडे बघून हसल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. "एकोणतीस! नाना, वाव एकोणतीस! ओसरायला लागली सूज."

नानांनी हात जोडले. मग ते बाहेर जाऊन नळाखाली बोटं धरून उभे राहिले. आष्ट्याच्या बाईनं विचारलं, "बरं हाय न्हवं लेकीचं?" तर म्हणाले, "लई चांगलं हाय." आणि नळ बंद करायचं विसरून गेले.

ऋजुता वाचली. विसाव्या दिवशी तिनं डोळे उघडले. कण विरघळून गेला, हाड परत बसवलं, आणि आषाढापर्यंत ती घरात चालू लागली. बोलते हळू, पण बोलते. तन्मयला पहिल्या हाकेला ओळखलं तिनं. चहाला आलं किसून घालायचं तिच्या लक्षात असतं, शेजारच्या पोरांची नावं आठवतात. कीर्तन मात्र आठवत नाही. म्हणजे आपण कीर्तन करायचो हे तिला माहीत आहे. सांगितलं की मान डोलावते, एखाद्या मावसबहिणीबद्दल ऐकावं तशी.

"तो भाग पहिल्या दिवशीच दुखावला होता," तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरांनी नानांना बाजूला घेऊन सांगितलं. "स्वतःहून सुरुवात करण्याचा. तुम्ही वाजवलं त्यानं ती जगली. एवढंच खरं आहे. दुसरं काही मनात आणू नका."

"न्हाई आणत," नाना म्हणाले. डॉक्टरीणबाई देवमाणूस होत्या. पण लाट त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती, नानांनी कानानं ऐकली होती. समेवर थाप टाकायला घेतली त्या पहिल्या दिवशीही ती येत होती. आधी येत होती.

श्रावणातल्या एका सोमवारी, पूजा आटोपून नाना लेकीच्या घरी गेले. तन्मय कामावर गेला होता. ऋजुता खिडकीपाशी शेंगा सोलत बसली होती.

"नाना, तबला आणलात?"

"आणलाय. वाजवू?"

"वाजवा की."

त्यांनी तबला आणि डग्गा गादीवर ठेवले, सूर बघितला, धुमाळी धरली. ऋजुता शेंगा सोलता सोलता मान हलवू लागली. छान हलत होती मान, लयीत. नाना तिच्या तोंडाकडे बघत होते. श्वास रोखून त्यांनी ठेका घोळवत आणला, छोटा तुकडा घेतला, आणि समेवर हात उचलून धरला.

खोली गप्प झाली. बाहेर कुणाच्या तरी अंगणात दोरीचा पोहरा विहिरीच्या काठाला लागला, तेवढाच आवाज. नाना हात तसाच धरून बसले. एक मात्रा गेली. दोन गेल्या. आठ गेल्या.

ऋजुतानं मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर रुसवा नव्हता, आठवणही नव्हती. चालू असलेलं काहीतरी चांगलं मध्येच थांबल्यावर माणूस बघतो, तशी ती बघत होती.

"थांबलात का, नाना? वाजवा ना. मला बरं वाटतं ऐकून."

"काय न्हाई गं," नाना म्हणाले. "बोट अवघडलं जरा."

त्यांनी धोतराच्या टोकानं डोळे पुसले, ठेका पुन्हा धरला, आणि सम आली तेव्हा तिच्यावर थाप टाकली. ऋजुता समाधानानं हसली आणि पुढची शेंग हातात घेतली.